मेमरीच्या परवानग्या: एमप्रोटेक्ट, पेज टेबल आणि सेगफॉल्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात रविवारी भरणाऱ्या आमच्या सिस्टिम प्रोग्रामिंगच्या अभ्यासगटात कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी इकडून इंजिनिअरिंगची मुलंमुली येतात. महापे-रबाळेकडे नोकरी करणारेही काही जण आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर बहुतेकांचा सुटलेला असतो, पण पेजची (मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्याची) परवानगी एमप्रोटेक्ट या सिस्टिम कॉलने स्वतःच्या हाताने बदलायची वेळ आली की प्रश्नांची रांग लागते. दर बॅचला तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. गटात लिनक्स आणि एमआयटीचं शिकवण्यासाठीचं छोटं कर्नल एक्सव्ही६ (रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवरचं) चालतं, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच आहेत.

परवानगी नेमकी कोणाला असते? मेमरीला, प्रोसेसला की पॉइंटरला?

यांपैकी कोणालाच नाही. परवानगी मॅपिंगला असते. प्रोग्रॅमला दिसणाऱ्या व्हर्च्युअल पत्त्यावरून फिजिकल फ्रेमकडे (रॅममधल्या पेजएवढ्या जागेकडे) जी वाट जाते, त्या वाटेवर 'वाचता येईल, लिहिता येईल, चालवता येईल' हे लिहिलेलं असतं. रॅमला यातलं काहीच ठाऊक नसतं. एकाच फ्रेमकडे दोन वाटा असतील तर एका वाटेने लिहिता येईल आणि दुसरीने फक्त वाचता येईल. यात काही विसंगत नाही, उलट पुढची अर्धी उत्तरं यावरच उभी आहेत. सी भाषेतल्या कॉन्स्टचा याच्याशी थेट संबंध नाही. कॉन्स्ट कंपायलर तपासतो, ही परवानगी प्रोसेसर तपासतो, आणि तीही प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी.

हे बिट असतात तरी कुठे?

पेज टेबलच्या, म्हणजे पत्त्यांच्या भाषांतराच्या तक्त्याच्या, नोंदीत. या नोंदीला पीटीई म्हणतात. रिस्क-फाइव्हची रचना शिकायला सर्वांत स्वच्छ आहे: बिट ० नोंद वैध आहे का ते सांगतो, १ वाचणं, २ लिहिणं, ३ चालवणं आणि ४ म्हणजे युझर मोडला (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमला) मुभा. एक्सव्ही६ मध्ये एसव्ही३९ पद्धत आहे. तीन पातळ्यांची टेबलं, प्रत्येकात ५१२ नोंदी, पेज ४ केबीचं.

एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) इतिहासाचे थर दिसतात. १९८५ च्या ८०३८६ पासून 'हजर आहे', 'लिहिता येतं' आणि 'युझरला मुभा' असे तीन बिट आहेत. वाचण्यासाठी वेगळा बिट नाही. पेज हजर असलं आणि तुमच्या मोडला मुभा असली की वाचता येतंच. 'चालवायचं नाही' हा बिट खूप उशिरा आला, २००३ मध्ये एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरबरोबर, आणि तो बसला थेट ६३ व्या जागी. त्याचा अर्थही उलटा आहे: बिट १ असेल तर चालवायला बंदी. रिस्क-फाइव्हवरून एक्स८६ कडे येणारे इथे हमखास अडखळतात.

मॅलॉकने घेतलेल्या बफरला फक्त-वाचन केलं. एमप्रोटेक्टने शून्य दिलं, पण नंतरचा साधा प्रिंटएफ कोसळला. का?

हा प्रश्न गटात सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सावकाश बघू.

प्रोग्रॅम असा असतो: मॅलॉकने १०० बाइट घेतले. एमप्रोटेक्टला पत्ता पेजच्या सुरुवातीचाच लागतो, म्हणून मिळालेला पत्ता खाली ओढून पेजच्या सीमेवर आणला. लांबी ४०९६, परवानगी फक्त वाचनाची. कॉल यशस्वी. पुढच्या ओळीत प्रिंटएफने 'झालं' छापायचं, आणि तिथेच सेगमेंटेशन फॉल्ट (सेगफॉल्ट): मुभा नसलेल्या जागी हात घातला म्हणून प्रोसेस बंद. बफरला तर कोणी हातही लावलेला नाही.

मॅलॉकने दिलेला पत्ता छापून बघा. ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या) बऱ्याच आवृत्त्यांवर पहिल्याच मॅलॉकचा पत्ता बहुतेक वेळा हेक्स २ए० ने संपतो. ० ने का नाही? कारण त्या पेजच्या सुरुवातीला मॅलॉकने स्वतःचा हिशेब ठेवलेला असतो: कुठल्या मापाचे किती मोकळे तुकडे आहेत त्याची नोंदवही. तुम्ही पत्ता खाली ओढलात तेव्हा ही नोंदवहीसुद्धा फक्त-वाचन झाली. प्रिंटएफ पहिल्यांदा चालताना आपल्या आउटपुटसाठी बफर मागतो, तो मॅलॉककडेच. मॅलॉक हिशेब लिहायला जातो आणि फॉल्ट होतो. प्रिंटएफ आधी एकदा चालून गेला असेल तर त्याचा बफर तुमच्या बफरशेजारीच, त्याच पेजवर असतो, तेव्हा तिकडूनही तोच निकाल.

परवानगी पेजच्या मापाने मिळते, त्याहून बारीक नाही. १०० बाइटचं संरक्षण असं काही हार्डवेअरकडे नाही. म्हणून ज्या मेमरीची परवानगी बदलायची आहे ती एममॅप या सिस्टिम कॉलने वेगळी घ्या, अख्ख्या पेजच्या पटीत. पॉसिक्समध्येही (युनिक्स घराण्याच्या मानकात) एमप्रोटेक्टची हमी एममॅपने मिळालेल्या मेमरीपुरतीच आहे. मॅलॉकच्या मेमरीवर तो लिनक्सवर चालतो, पण शेजाऱ्यांची जबाबदारी तुमच्यावर येते. अलाइन्ड-अलॉकने पूर्ण पेज घेतलंच असेल, तर फ्री करण्याआधी लिहिण्याची परवानगी परत द्या, कारण फ्रीसुद्धा त्या पेजमध्ये लिहू शकतो.

एमप्रोटेक्ट उणे एक देतो. कारण कसं शोधायचं?

एरनो (शेवटच्या चुकीचा कोड) बघा. ईइन्व्हॅल आला तर बहुधा पत्ता पेजच्या सीमेवर नाही. लांबीची काळजी नको, ती कर्नल पुढच्या सीमेपर्यंत वाढवून घेतो. पेज ४०९६ बाइटचंच असेल असं गृहीत धरू नका, सिस्कॉन्फला विचारा. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या प्रोसेसरवर मॅकओएसचं पेज १६ केबीचं आहे आणि तिथे ४०९६ गृहीत धरलेला कोड लगेच उघडा पडतो.

ईनोमेमचा अर्थ नेहमी 'रॅम संपली' असा नसतो. सांगितलेल्या पट्ट्यात मधेच मॅप न झालेली जागा असली तरी हाच एरर येतो. दुसरं कारण जास्त फसवं आहे. मोठ्या पट्ट्याच्या मधल्या एका पेजची परवानगी बदलली की कर्नलला त्या पट्ट्याचे तीन तुकडे करावे लागतात. एका प्रोसेसला असे किती तुकडे ठेवता येतात याला मर्यादा आहे, लिनक्सवर ती मुळात ६५५३० असते. एक आड एक पेज बंद करत जाणारा मेमरी तपासणीचा प्रोग्रॅम या मर्यादेला सहज जाऊन धडकतो, रॅम भरपूर मोकळी असतानासुद्धा.

फाइल मॅप केली आहे, तिला नंतर लिहिण्याची परवानगी देताना ईअ‍ॅक्सेस येतो. पण एका मैत्रिणीच्या प्रोग्रॅममध्ये तोच कॉल चालतो!

तिने मॅपिंग प्रायव्हेट केलं असणार आणि तुम्ही शेअर्ड. फाइल फक्त वाचण्यासाठी उघडलेली असेल तर शेअर्ड मॅपिंगला लिहिण्याची परवानगी मिळणार नाही, कारण तसं लिहिलेलं थेट फाइलमध्ये उतरतं. मग फाइल उघडतानाच्या तपासणीला काही अर्थच उरला नसता. प्रायव्हेट मॅपिंगमध्ये लिहायला गेलात की कर्नल त्या पेजची तुमच्यापुरती प्रत काढून देतो, फाइलला धक्का लागत नाही. फाइल तीच, फ्रेमही सुरुवातीला तीच, फक्त वाट वेगळी.

एक्सव्ही६ मध्ये स्वतः एमप्रोटेक्ट लिहिलं. पेजचा लिहिण्याचा बिट काढला. पॉइंटरने लिहिलं तर प्रोसेस मरते, म्हणजे बरोबर आहे. पण त्याच बफरमध्ये रीड कॉलने फाइल वाचली तर डेटा बिनदिक्कत लिहिला जातो! बिट चुकीचा काढला का?

बिट बरोबर काढला आहे. प्रश्न उत्तम आहे, आणि तो पडला याचा अर्थ तुम्ही नुसतं 'टेस्ट पास' बघून थांबला नाहीत.

रीड कॉलमध्ये लिहिणारा कोण आहे ते बघा: कर्नल. आणि तो कुठल्या वाटेने लिहितो? एक्सव्ही६ चा कर्नल युझरच्या पेज टेबलवर चालत नाही. त्याचं स्वतःचं पेज टेबल आहे आणि त्यात सगळी फिजिकल मेमरी जशीच्या तशी मॅप केलेली आहे, वाचायला आणि लिहायला. कॉपीआउट हे फंक्शन युझरचा पत्ता घेतं, युझरच्या पेज टेबलातून सॉफ्टवेअरने चालत जाऊन फिजिकल पत्ता काढतं आणि मग कर्नलच्या स्वतःच्या मॅपिंगमधून तिथे मेममूव्ह करतं. तुम्ही बंद केलेल्या वाटेवर हार्डवेअर गेलंच नाही. दुसरी वाट उघडी होती, तिने काम झालं.

उपाय सॉफ्टवेअरमध्येच करायचा. कॉपीआउटमध्ये पीटीई मिळाल्यावर 'वैध आहे का, युझरला मुभा आहे का' हे तपासलं जातंच. त्याबरोबर 'लिहिता येतं का' हेही तपासा, नसेल तर उणे एक परत द्या. एक्सव्ही६ च्या जुन्या आवृत्त्यांत ही तिसरी तपासणी नव्हती, नव्यांत आहे. कॉपीइनच्या बाजूलाही हाच विचार करून बघा: वाचनाचा बिट काढलेल्या पेजमधून राइट कॉल डेटा नेऊ शकतो का?

लिनक्सवर हाच प्रयोग केलात तर रीड कॉल ईफॉल्ट हा एरर देईल. तिथला कर्नल युझरच्या डेटाची नेआण युझरच्याच पत्त्याने करतो, म्हणजे हार्डवेअर त्याच वाटेवर अडवतं.

परवानगी काढली, पीटीईमध्ये बिट शून्य दिसतो, तरी लिहिणं चालूच आहे. हे कसं शक्य आहे?

टीएलबी, म्हणजे प्रोसेसरमधली भाषांतरांची छोटी कॅश. प्रोसेसर दर वेळी पेज टेबल चाळत बसत नाही. एकदा काढलेलं भाषांतर परवानगीसकट जवळ ठेवतो. तुम्ही मेमरीतलं टेबल बदललंत, त्याच्याजवळची प्रत जुनीच राहिली.

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांना चार-पाच गेट असतात. कमिटीने ऑफिसातल्या रजिस्टरमधून एखाद्याचं नाव खोडलं, तरी गेटवरच्या प्रत्येक वॉचमनकडे कालचीच यादी असते. तो माणूस आत येत राहणार. प्रत्येक गेटला निरोप पोचून यादी बदलली जाईपर्यंत नाव खोडल्याला अर्थ नाही.

इथे गेट म्हणजे कोअर. आपल्या कोअरवरची नोंद पुसायला एक्स८६ वर इन्व्हल्पेज आणि रिस्क-फाइव्हवर एसफेन्स-व्हीएमए ही सूचना आहे. एक्स८६ वर ती फक्त ज्या कोअरवर चालते त्याच्यापुरती असते, म्हणून दुसऱ्या कोअरवर त्याच प्रोसेसचा थ्रेड चालू असेल तर कर्नल त्याला इंटरप्ट पाठवतो, तो आपली नोंद पुसतो, मगच एमप्रोटेक्ट परत येतो. याला टीएलबी शूटडाउन म्हणतात. बरेच थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये एमप्रोटेक्ट महाग पडतो तो यामुळे. बिट बदलणं स्वतः क्षुल्लक काम आहे.

परवानगी वाढवताना मात्र घाई नसते. जुनी नोंद राहिली तर फार तर एक फालतू फॉल्ट होतो, कर्नल बघतो की आता परवानगी आहे, आणि सूचना पुन्हा चालते. कमी करताना चूक झाली तर ती सुरक्षेची भोकं पाडते.

एक्सव्ही६ वर हा त्रास सहसा दिसत नाही, कारण युझर मोडला परत जाताना पेज टेबल बदलतं आणि तिथे एसफेन्स असतोच. शिवाय तिथल्या प्रोसेसला एकच थ्रेड असतो. म्हणून तिथे चाललेला कोड स्वतःच्या कर्नलमध्ये तसाच उचलून नेऊ नका.

पेज फॉल्ट झाला म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक आहे, असंच ना?

अजिबात नाही. चालू लिनक्सवर क्षणाक्षणाला फॉल्ट होत असतात आणि त्यातले बहुतेक कामाचे असतात.

कर्नल दोन हिशेब वेगवेगळे ठेवतो. एक व्हीएमए: या पट्ट्यात प्रोसेसला काय करायचा हक्क आहे. दुसरा पीटीई: आत्ता या क्षणी हार्डवेअर काय करू देईल. हे दोन मुद्दाम वेगळे असू शकतात. फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत काढल्यावर) आईबाप आणि मूल दोघांच्याही प्रायव्हेट पेजवरून लिहिण्याचा बिट पीटीईतून काढला जातो, व्हीएमएमध्ये हक्क तसाच राहतो. कोणी लिहायला गेलं की फॉल्ट. कर्नल बघतो की हक्क आहे, प्रत काढतो, नव्या फ्रेमवर बिट देतो आणि प्रोग्रॅमला कळतही नाही. व्हीएमएमध्येच हक्क नसेल तरच सिगसेग्व्ही, म्हणजे सेगफॉल्टचा सिग्नल.

या प्रत काढण्याच्या क्षणात शर्यतीची फट राहिली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे २०१६ मध्ये उघड झालेला डर्टी काऊ. साधा युझर ज्या फाइलला हात लावू शकत नाही, तिच्यात त्याला लिहिता येत होतं, आणि ती फट २००७ पासून कर्नलमध्ये होती. हा भाग वरवर वाचून सोडू नका, एवढीच विनंती.

फोर्क, एक्झेक आणि थ्रेड: परवानग्या कोणाकडे जातात?

फोर्कमध्ये मुलाला तशाच मिळतात, आणि नंतर कोणीही बदलल्या तरी दुसऱ्यावर परिणाम नाही. एक्झेकमध्ये (त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवताना) सगळं पुसून नवं. थ्रेडना वेगळं पेज टेबलच नसतं, त्यामुळे एका थ्रेडने केलेला एमप्रोटेक्ट सगळ्यांना लागू.

सिगसेग्व्ही पकडून प्रोग्रॅम पुढे चालू ठेवता येतो का?

येतो, पण कशासाठी ते आधी ठरवा. हँडलर परत आला की फॉल्ट देणारी तीच सूचना पुन्हा चालते. हँडलरमध्ये परवानगी दिली नसेल तर पुन्हा फॉल्ट, पुन्हा हँडलर, कधीही न संपणारा फेरा.

चांगला उपयोग असा: सगळी पेजेस फक्त-वाचन करा, हँडलरमध्ये फॉल्टचा पत्ता घ्या, ते पेज 'बदललेलं' म्हणून नोंदवा, लिहिण्याची परवानगी द्या, परत या. दर पेजमागे एकच फॉल्ट आणि कुठली पेजेस बदलली त्याची अचूक यादी हातात. चेकपॉइंट आणि गार्बेज कलेक्टर लिहिणारे ही युक्ती वापरत आले आहेत. हँडलर एसए-सिगइन्फो लावून नोंदवा म्हणजे पत्ता आणि कारण दोन्ही मिळतात. कारणाचा कोड १ असेल तर तिथे मॅपिंगच नाही, २ असेल तर मॅपिंग आहे पण परवानगी नाही. हँडलरमध्ये प्रिंटएफ नको, राइट वापरा. स्टॅक संपल्यामुळे आलेला फॉल्ट पकडायचा असेल तर सिगऑल्टस्टॅक लावा, नाहीतर हँडलरलाच उभं राहायला जागा नसते.

चूक झाकण्यासाठी सिगसेग्व्ही गिळणारा कोड मात्र रिव्ह्यूत मी कधीच पास करत नाही. बिघडलेला डेटा घेऊन पुढे धावणारा प्रोग्रॅम थांबलेल्या प्रोग्रॅमपेक्षा वाईट.

वाचा-लिहा-चालवा अशा तिन्ही परवानग्या देऊन टाकल्या की सगळं चालतं. मग काय बिघडलं?

बिघडलं ते असं की बाहेरून आलेला डेटा आता सूचना बनू शकतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने फिंगर सर्व्हरच्या बफरमध्ये मावेल त्यापेक्षा जास्त डेटा पाठवला, त्यातच स्वतःच्या सूचना घातल्या, परतीचा पत्ता तिकडे वळवला. स्टॅकवर लिहिता येत होतं आणि तिथून चालवताही येत होतं, म्हणून ते जमलं.

तेव्हापासून धडपड एकाच नियमासाठी आहे: पेज लिहिण्याजोगं असेल तर चालवण्याजोगं नको. ओपनबीएसडीने २००३ मध्ये हा नियम सिस्टिमभर आणला. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये डीईपी (डेटा चालवायला बंदी) आलं. लिनक्सवर लिंकर आणि लोडरही मदत करतात: लायब्ररीतल्या फंक्शनचे पत्ते भरून झाले की ते टेबल एमप्रोटेक्टने फक्त-वाचन केलं जातं, याला रेलरो म्हणतात.

सबमिशनच्या आदल्या रात्री 'सध्या तिन्ही देतो, मग बघू' असं होतं, हे मी पाहतो. तो 'मग' येत नाही. कोड तसाच गिटवर जातो आणि तिथून कुठल्यातरी प्रॉडक्टमध्ये. पहिल्या दिवसापासून नीट करा.

पण जेआयटी (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड बनवणाऱ्या) कंपायलरला तर कोड लिहून लगेच चालवावा लागतो. त्याने काय करायचं?

आधी वाचा-लिहा म्हणून घ्या, कोड लिहा, मग एमप्रोटेक्टने वाचा-चालवा करा. एआरएमवर त्यानंतर इन्स्ट्रक्शन कॅशही साफ करावी लागते, एक्स८६ वर लागत नाही. 'माझ्या लॅपटॉपवर चालतं, बोर्डवर नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

थ्रेड अनेक असले की ही अदलाबदल अडचणीची होते: तुम्ही पेज लिहिण्यासाठी उघडलंत त्या क्षणी दुसरा थ्रेड त्याच पेजवरचा कोड चालवत असेल तर तो कोसळतो. उपाय म्हणजे एकाच फ्रेमकडे दोन वाटा. मेमएफडी-क्रिएटने निनावी फाइल घ्या, ती दोनदा शेअर्ड मॅप करा, एक वाचा-लिहा, दुसरी वाचा-चालवा. एकीकडून लिहा, दुसरीकडून चालवा. लिहिणाऱ्या वाटेचा पत्ता मात्र जपा.

स्वतःचा छोटा कर्नल लिहितोय, एक्स८६ वर. पेजला युझर बिट दिला तरी युझर मोडमध्ये फॉल्ट येतो.

वरच्या पातळ्यांच्या टेबलांतही युझर बिट द्यावा लागतो. एक्स८६ वर युझर आणि लिहिण्याचा बिट प्रत्येक पातळीवर १ असेल तरच लागू होतो. चालवण्याच्या बंदीचं उलट: कुठल्याही एका पातळीवर ती असली की बंदी. रिस्क-फाइव्हवर मात्र वरच्या पातळीच्या नोंदीत युझर बिट शून्यच ठेवायचा असतो. एकीकडची सवय दुसरीकडे नेऊ नका.

याच घरातले आणखी दोन घोटाळे. कर्नलचा कोड फक्त-वाचन केला तरी कर्नल त्यावर लिहितोच: सीआर० रजिस्टरचा १६ वा बिट (डब्ल्यूपी) लावलेला नाही. तो नसेल तर सुपरवायझर मोड लिहिण्याचा बिट जुमानत नाही. आणि ६३ वा बिट लावताच कुठेही फॉल्ट येऊ लागला तर ईएफईआर रजिस्टरमधला ११ वा बिट बघा; तो चालू नसताना ६३ वा बिट राखीव समजला जातो.

एक्सव्ही६ मध्ये नल पॉइंटर वाचला तरी काहीच होत नाही!

तिथे युझर प्रोग्रॅमचा कोड पत्ता ० पासूनच सुरू होतो, म्हणून तुम्ही कोडचे बाइट वाचता आहात. लिनक्सवर खालची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात, साधारणपणे पहिले ६५५३६ बाइट. एक्सव्ही६ मध्ये प्रोग्रॅम एक पेज वर सरकवून पहिलं पेज मोकळं सोडणं हा छान सराव आहे. एक्झेक, फोर्कमधली कॉपी आणि लिंकरची फाइल अशा तिन्ही ठिकाणी हात घालावा लागतो.

फक्त लिहिता येईल पण वाचता येणार नाही, असं पेज करता येतं?

एक्स८६ वर नाही, वाचायला मिळतंच. रिस्क-फाइव्हवर 'लिहा हो, वाचा नाही' ही जोडी राखीव आहे, वापरायची नाही.

जीडीबी हा डीबगर फक्त-वाचन कोडमध्ये ब्रेकपॉइंट कसा घालतो?

कर्नलच्या मदतीने. एक्स८६ वर ब्रेकपॉइंट म्हणजे सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी हेक्स सीसी. पीट्रेस या डीबगरसाठीच्या सिस्टिम कॉलमार्फत लिहिताना कर्नल प्रोसेसच्या वाटेवरचा बिट बाजूला ठेवतो, प्रायव्हेट पेजची प्रत काढतो आणि त्या प्रतीत बाइट बदलतो. म्हणून त्याच प्रोग्रॅमची दुसरी चालू प्रोसेस ब्रेकपॉइंटला थांबत नाही.

कर्नलला युझरच्या मेमरीत काहीही करता येतं का?

पूर्वी एक्स८६ वर येत होतं, आणि हल्लेखोर त्याचाच फायदा घ्यायचे: कर्नलचा एखादा पॉइंटर बिघडवून त्याला युझरच्या पेजवर ठेवलेला कोड चालवायला लावायचा. इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्ये एसएमईपी आणलं, त्यामुळे कर्नल मोडमध्ये युझरचं पेज चालवता येत नाही. पुढे ब्रॉडवेलबरोबर एसएमएपी आलं, त्यात वाचणं-लिहिणंही बंद, हवं तेवढ्या वेळापुरतंच उघडायचं. रिस्क-फाइव्हवर कर्नलने युझरचं पेज चालवणं मुळातच मना आहे, आणि वाचण्या-लिहिण्यासाठी सम नावाचा बिट लावावा लागतो.

उलट दिशेची भिंत, म्हणजे युझरने कर्नलची मेमरी वाचू नये ही, जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउनने हलवली. परवानगीची तपासणी होत होती, पण प्रोसेसर अंदाजाने पुढे धावून मूल्य वापरायचा आणि त्याचा माग कॅशमध्ये राहायचा. लिनक्सने युझर मोडच्या पेज टेबलातून कर्नलची जवळजवळ सगळी मॅपिंग काढूनच टाकली. बिटवर भरवसा उरला नाही तेव्हा वाटच बुजवली.

प्रोटेक्शन की वापराव्यात का?

थ्रेडनिहाय आणि झटपट बदल हवा असेल तर जरूर. एक्स८६ वर १६ की (पेजवर लावायचे क्रमांक) असतात, प्रत्येक कीची परवानगी थ्रेडच्या रजिस्टरमध्ये राहते, बदलताना सिस्टिम कॉल नाही, टीएलबी पुसणं नाही. मात्र ते रजिस्टर युझर मोडमधूनच बदलता येतं. चुकून होणाऱ्या लेखनापासून बचाव होतो. तुमच्या प्रोसेसमध्ये हवा तो कोड चालवू शकणाऱ्या हल्लेखोरापासून नाही.

विंडोजवर काय वेगळं आहे?

व्हर्च्युअलप्रोटेक्ट. परवानग्या सुट्ट्या जोडायच्या नसतात, 'वाचा-लिहा', 'चालवा-वाचा' असे तयार पर्याय असतात. शेवटचा पॅरामीटर जुनी परवानगी परत घेण्यासाठी आहे आणि तिथे नल दिलात तर कॉल फसतो. यावर लोकांची तासन्‌तास जातात.

मी कंट्रोलरवर काम करते, कॉर्टेक्स-एम४ वर. पेज टेबलच नाही. मग?

बऱ्याच चिपमध्ये एमपीयू (मेमरी प्रोटेक्शन युनिट) असतो, आधी डेटाशीटमध्ये आहे ना ते बघा. इथे पत्त्याचं भाषांतर होत नाही, फक्त पट्टे आखायचे: कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ वर ८. पट्ट्याचं माप दोनच्या घातातलं, किमान ३२ बाइट, आणि सुरुवातीचा पत्ता मापाच्या पटीत असावा लागतो. ४० केबी हे दोनच्या घातातलं माप नाही, म्हणून अशा बफरचं लिंकरच्या फाइलमध्ये आधीच नियोजन करा. प्रत्येक टास्कच्या स्टॅकखाली ३२ बाइटचा बंद पट्टा ठेवलात तर स्टॅक ओसंडल्याचं बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळतं; एरवी तेच दोन दिवसांनी शेजारच्या व्हेरिएबलमध्ये विचित्र आकडा म्हणून सापडतं. मेममॅनेज फॉल्ट चालू करायला विसरलात तर तो हार्डफॉल्ट म्हणून येतो.

सेगफॉल्ट आला की सर्वांत आधी काय बघावं?

प्रोकमधली त्या प्रोसेसची मॅप्स फाइल: कुठला पट्टा, कुठली परवानगी. लक्षात ठेवा, ती व्हीएमए दाखवते, पीटीई नाही. एस्ट्रेस या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाने एमप्रोटेक्टचे सगळे कॉल क्रमाने दिसतात.

प्रोसेस मेली असेल तर डीमेसेजने कर्नलच्या नोंदी बघा (उबुंटूवर सुडो लागतो). सेगफॉल्टच्या ओळीत फॉल्टचा पत्ता आणि 'एरर' नंतर एक आकडा असतो. बहुतेक जण तो सोडून देतात, पण एक्स८६ वर तो प्रोसेसरने स्वतः दिलेला जबाब आहे. आकडा हेक्समध्ये असतो. त्यात १ म्हणजे पेज हजर होतं पण परवानगी नव्हती, २ म्हणजे लिहिण्याचा प्रयत्न, ४ म्हणजे युझर मोड, हेक्स १० म्हणजे सूचना आणायला गेला होता. ४ आला तर मॅपिंग नसलेल्या जागी वाचन, नल पॉइंटरचा नेहमीचा आकडा. ६ तर तिथेच लेखन. ७ म्हणजे फक्त-वाचन पेजवर लिहिलंत, वरच्या मॅलॉकच्या उदाहरणात हाच दिसेल. १५ आला तर हजर असलेलं पण चालवायला बंदी असलेलं पेज चालवायला गेलात: जेआयटीमध्ये शेवटचा एमप्रोटेक्ट राहिला, किंवा फंक्शन पॉइंटर डेटावर जाऊन पडला.